कमानीला पुढची तारीख

“दर वर्षी तीच भेग, तोच गिलावा. एकदा हिलाच समन्स काढा म्हणावं,” शिडी धरून उभा असलेला कोर्टाचा शिपाई पुटपुटला.

शिडीवरची गवंडीण हसली नाही. तीन महिन्यांपूर्वी तिने भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती. भेग हलली नाही, तर काच शाबूत राहते. काच मधोमध तडकली होती.

“लिंपून टाका बाई,” खालून शिरस्तेदार म्हणाले. “उद्या चाळीस खटले लागलेत.”

“नाही लिंपणार. कमान उतरवावी लागेल.”

शिरस्तेदारांनी घाईघाईने दाराकडे पाहिलं. जुनी लाकडी कचेरी जळाल्यावर हे दगडी कोर्ट उभं राहिलं, त्याला साठ वर्षं झाली. उंच खिडक्या, चार खांब आणि मधोमध ही कमान. कमान गवंडिणीच्या वडिलांनी, अण्णांनी बांधलेली. काम सुटल्यापासून म्हातारा रोज येऊन तिच्याखालच्या बाकावर बसे. तिथे दुसऱ्या कुणाला बसू देत नसे. एकदा तर नामांकित वकिलांनाही त्याने काठीने उठवलं होतं. केवढा अभिमान, असं लोक म्हणत. म्हणून भेगेला दर वर्षी पुढची तारीख मिळे.

“त्यांच्या जिवाला लागेल हो,” शिरस्तेदार कुजबुजले. “त्यांच्या माघारी काय ते बघू.”

“आणि तोवर कुणाच्या डोक्यात घालायची? वादीच्या की प्रतिवादीच्या?” ती शिडी उतरली. “बारा वर्षं ही भेग लिंपत मीच तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. आज सांगणार.”

दाराशी काठी वाजली. अण्णा आले आणि आपल्या बाकाकडे वळले. ती आडवी उभी राहिली.

“अण्णा, आज इथं बसायचं नाही.”

“का गं?”

शिपाई शिडीचे दांडे मोजू लागला. शिरस्तेदारांनी उगाच फाइल उघडली. तिने पदराला हात पुसले, पुन्हा पुसले.

“अण्णा, तुमची कमान...”

“उतरव.”

अण्णांनी मान वर केली नाही.

“उद्घाटनाची घाई होती. चुना ओला असतानाच खालचा लाकडी आधार मी काढला. कमान पहिल्या दिवसापासून चुकलेली आहे, पोरी.”