बिजागऱ्यांखाली

विरुपाक्षची बायको दानम्मा विळी कुणाच्या हातात देत नाही. जमिनीवर ठेवते. ज्याला हवी त्यानं उचलावी.

भंगारवाल्या चंद्रव्वाच्या गोणपाटावर डाव्या कोपऱ्यात मोडक्या बिजागऱ्यांचा ढीग असतो.

मिठाच्या पाण्यानं चढलेला गंज केशरी असतो. रॉकेलमध्ये भिजवला की एका संध्याकाळी निघतो.

विरुपाक्षच्या उजव्या हाताची दोन बोटं मिलच्या मागात गेली.

शिवशरणची कुर्डुवाडीहून येणारी सकाळची गाडी वेळेवर आली.

वेळेवर आली, म्हणूनच विरुपाक्षचं डोकं फिरलं. तो सोलापूरच्या मंगळवार बाजारात पोचला तेव्हा शिवशरण चंद्रव्वाच्या गोणपाटाजवळून हात झटकत उठत होता. दर मंगळवारी हेच. भंगारातले जुने चाकू हुडकायचे ते दोघांनी, आणि पहिला हात मात्र याचा.

"आलास व्हय? बस की. लई माल हाय आज," शिवशरण म्हणाला.

"तू चाळल्यावर काय राहतंय?"

"तुझ्यावानी नजर कुटं हाय मला?"

विरुपाक्ष खाली बसला. कुलपं, नळाच्या तोट्या, बिनदांड्याचा तवा. बिजागऱ्या बाजूला सारल्या तर खाली एक घडीचा चाकू. गंजानं माखलेला. पात्याच्या बुडाशी नखानं खरवडलं, तशी इंग्रजी अक्षरं उमटली. शेफील्ड. अस्सल विलायती पोलाद.

त्यानं तो खिशात टाकला, पण आनंद झाला नाही. हा जर त्याचा टाकून दिलेला माल, तर स्वतः काय उचलत असेल?

शिवशरण त्याचा एका गल्लीतला लहानपणचा दोस्त. आता कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. बोटं गेल्यावर विरुपाक्ष भिंतीकडं तोंड करून बसला होता, तेव्हा यानंच त्याला ओढत बाजारात आणलं. पहिल्या मंगळवारी काहीच मिळालं नाही. घरी येऊन विरुपाक्षनं ताट सारलं. दुसऱ्या मंगळवारी एक चाकू मिळाला, आणि तेव्हापासून तो कधी रिकाम्या हातानं परतला नाही. गल्लीतली माणसं आता वाटेत थांबवून विचारत, "काय घावलं आज?" आठ बोटांनी तो पातं घासायचा, नवी पितळी खीळ ठोकायचा, मुठीला अळशीचं तेल पाजायचा.

त्या संध्याकाळीही घासायला बसला. गंज वरवरचाच निघाला. सांध्याला तर मशीनच्या तेलाचा वास होता.

"पहिला मालक जपणारा होता," तो म्हणाला.

"हसलात जणू," दानम्मा म्हणाली.

"हसलो न्हाय. तोंडच तसं हाय माझं."

पुढच्या मंगळवारी चहाच्या हॉटेलात शिवशरणनं रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढून टेबलावर ठेवलं. विरुपाक्षनं उचललं. सांबरशिंगाची मूठ, दोन पाती, आरशासारखी लखलखीत. अंगठ्यानं दाबलं की टक् असा आवाज.

"पुण्याला जुन्या बाजारात घावला. गेल्या दिवाळीपासनं घासतोय."

विरुपाक्षनं चाकू हातातून सोडला नाही. "मला दे."

"चाकू कुणाला देत न्हाईत, येड्या. दोस्ती कापली जाते."

"मग विक."

"दोस्ताला आणि विकायचा?"

विरुपाक्षनं चाकू टेबलावरून त्याच्याकडं ढकलला. चहा अर्धा टाकून उठला.

मग आठवडाभर ती शिंगाची मूठ त्याच्या ताटात, अंथरुणात, आरशात. स्वतःचे चाकू काढून बघितले, तर सगळे उष्टे वाटले.

सोमवारी तो चंद्रव्वाच्या घरी गेला. म्हातारी पान कुटत होती.

"उद्यापासनं शिवशरणला गोणपाटाला हात लावू द्यायचा न्हाय."

खलबत्ता थांबला. "तू सांगतूस?"

"मीच सांगतोय."

"इच्यार कर, तम्मा. मंग माज्याकडं काय ऱ्हातंय?"

"एक गिऱ्हाईक गेलं म्हणून मरतीस काय? मी हाय की."

चंद्रव्वा पुन्हा पान कुटायला लागली. "बरं. तुजं तू बघ."

मंगळवारी विरुपाक्ष आधीच जाऊन दोरखंडवाल्याच्या मागं उभा राहिला. शिवशरण आला. गोणपाटाशी वाकला. चंद्रव्वानं आडवा हात घातला, काहीतरी बोलली आणि हनुवटीनं दोरखंडांकडं खूण केली.

शिवशरणनं वळून बघितलं. त्याचा एक हात सदऱ्याच्या खिशात होता. तो तिथंच राहिला. कापडातून मुठीचा बाक चांगला दिसत होता.

अजून खिशात घालून मिरवतोय, विरुपाक्षच्या मनात आलं. मला जाळायला.

"बरं हाय, विरुपा," शिवशरण म्हणाला, आणि स्टेशनच्या रस्त्याला लागला.

विरुपाक्ष मांडी ठोकून बसला. आज पहिला हात त्याचा. त्यानं एकेक बिजागरी उचलली, उलटी केली, बाजूला ठेवली. सगळं गोणपाट चाळलं. काही नव्हतं.

पुढच्या मंगळवारीही नव्हतं. त्याच्या पुढच्याही. शिवशरण सोलापुरात यायचा बंद झाला. विरुपाक्षला कळून चुकलं: गड्यानं तिकडं कुर्डुवाडीत नवा भंगारवाला धरला असणार, सगळा चांगला माल तिथंच पळवत असणार. दानम्मानं वाढलेलं ताट तो पुन्हा सारायला लागला.

"बिजागऱ्या घेतूस का?" एके दिवशी गोणपाट आवरता आवरता चंद्रव्वानं विचारलं. "न्हाय, दर मंगळवारी उचकतूस म्हून म्हटलं."

चंद्रव्वानं आडवा हात घातला त्या मंगळवारी शिवशरणच्या खिशातला शिंगाच्या मुठीचा चाकू गंजलेला होता. आधीच्या सगळ्या चाकूंसारखाच तोही आदल्या दिवशी त्यानं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवला होता, आणि सांध्यात मशीनच्या तेलाचा थेंब सोडला होता.