नववी माझू

पुथियान गावचा म्हातारा वंग जन्मभर लाकडातून समुद्रदेवी माझू घडवत आला. मूर्तीच्या पाठीतल्या खोबणीत भाताचे दाणे आणि लाल दोरा ठेवून झाकण लावलं की मगच तिच्यात जीव येतो, असं तो मानायचा. त्याचा नावाजलेला मुलगा योंगनान मात्र पोलादाच्या माझू करायचा. खोबण तशीच, झाकण तसंच, पण आत काही नाही.

"रिकामेपण हीच तर कल्पना आहे, बाबा."

"रिकाम्या देवीपुढे हात कसे जोडायचे रे?"

शांघायला योंगनानच्या नऊ माझूंच्या प्रदर्शनात उद्घाटनालाच रखवालदाराने म्हाताऱ्याला नवव्या मूर्तीच्या पाठीत हात घालताना धरलं. बड्या पाहुण्यांसमोर योंगनान ओशाळला. "चारचौघांत लाज काढलीत, बाबा. आजच्याच गाडीने घरी जा." म्हातारा मूठ मिटून निघाला. महिन्याभरात तो वारला.

प्रदर्शन आवरताना पहिल्या मूर्तीत काहीतरी खुळखुळलं, म्हणून योंगनानने एकेक झाकण उघडलं. आठ खोबणींत भाताचे दाणे होते आणि लाल दोरा होता.



नववी त्याच्या मनासारखी रिकामी होती.