आवाजाची चाचणी

“जरा डावीकडे सरक, आई. नाकाची सावली गालावर येतेय.”

झेली सरकली. तिच्या समोरच्या चौकटीत तागाचं कापड ताणलेलं होतं आणि आकडीदार सुईने ती त्यातून लोकरीचे फासे वर ओढत होती. सरकतानाही हात थांबला नाही. कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या या किनाऱ्यावरच्या बायका अशाच. भांडतील, रडतील, पाहुण्यांना चहा देतील, पण गालिच्यावरचा हात काही थांबायचा नाही.

व्हिडिओसाठी खोली तयार होती. म्हणजे जवळजवळ तयार होती, आणि हे ‘जवळजवळ’ सगळा हिवाळा चाललं होतं. आवाज घुमू नये म्हणून झेलीच्या लेकीने, लेओनीने, चारी भिंतींवर जुने गालिचे टांगले होते. खिडकीवर पांढरी चादर लावली होती, तिच्यातून उजेड दुधासारखा झिरपायचा. खुर्चीची जागा पट्टी चिकटवून आखलेली होती. गुणगुण येऊ नये म्हणून फ्रिज बंद, आणि फ्रिजच्या आत गाडीची किल्ली. म्हणजे बाहेर पडताना किल्ली शोधली की फ्रिज चालू करायची आठवण व्हायचीच. व्हिडिओवाल्यांची ही युक्ती लेओनी शिकली होती, पण टोपलीभर मासे नासवून.

गावच्या कारागीर संघाने तिला कॅमेरा दिला होता. हिवाळ्यात पर्यटक फिरकत नाहीत, तर दर आठवड्याला गालिच्यांचा एक व्हिडिओ जगाला दिसावा, एवढंच काम. पानगळीपासून एकही गेला नव्हता. आधी आवाज घुमत होता, मग सावल्या पडल्या, मग डोंगरावरून येणारा वारा खिडक्या बडवत राहिला. आणि सगळं जमून आलं, की भिंगाच्या त्या काळ्या डोळ्यासमोर लेओनीच्या जिभेचंच लाकूड व्हायचं. कुणाशी तरी बोलतोय असं वाटावं म्हणून तिने मासिकातल्या एका हसऱ्या बाईचा फोटो भिंगाशेजारी चिकटवला होता. त्या बाईशीही ती टपाल कचेरीत बोलावं तशीच बोलायची. आज संध्याकाळपर्यंत पहिला व्हिडिओ गेला नाही, तर कॅमेरा परत द्यायचा होता. संघाच्या अध्यक्षीणबाईंनी हे अगदी गोड आवाजात सांगितलं होतं. म्हणजे ते पक्कं होतं.

स्वतः बसण्याआधी ती रोज आईला खुर्चीत बसवायची. आई रस्त्यापलीकडच्या तिच्या घरातून बर्फ तुडवत यायची, उजेड जुळेपर्यंत बसायची, आवाज तपासण्यापुरतं चार वाक्यं बोलायची आणि परत जायची.

आज वारा पडला होता. खाडी बर्फाने भरली होती, त्यामुळे समुद्रसुद्धा गप्प होता. लेओनीने कानांवर हेडफोन चढवले.

“बोल, आई. सकाळी काय खाल्लंस?”

“पॅनकेक,” झेली म्हणाली. “वरून काकवी. आणि कॉफी, तुझ्या बाबांनी केलेली. ते कप घेऊन खिडकीशी उभे होते, बर्फ बघत. म्हणाले, यंदा शेवंडं पिंजऱ्यात उशिरा लागणार.”

लेओनीची नजर आवाज मोजणाऱ्या काट्यावर होती. काटा सुरेख हलत होता. घुमणं नाही, गुणगुण नाही.

“मस्त. आवाज स्वच्छ आला,” ती म्हणाली, आणि चाचणीचा तुकडा पुसून टाकायला तिचं बोट रोजच्यासारखं बटणाकडे गेलं.

तिथेच ते अडलं. खोलीत इतकी शांतता होती, की आईचं वाक्य अजून गेलंच नव्हतं. तुझ्या बाबांनी केलेली.

बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मग तिला एकेक आठवायला लागलं. बाबांनी तळलेले माशांचे वडे. बाबांनी वेचून आणलेल्या बेरींचा मुरांबा. सगळा हिवाळा हे तिच्या कानांवरून गेलं होतं आणि तिने ते रोज पुसून टाकलं होतं. हेडफोन मानेवर ओढून ती आईच्या खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली.

“आई, बाबा नाहीत गं आता.”

“मला सांगतेस?” झेलीने एक फासा वर ओढला. “त्यांच्यावर पहिली मूठ माती मी टाकली. डोकं ठिकाणावर आहे माझं.”

“मग हे सगळं?”

“पहिल्या दिवशी खरं तेच सांगितलं होतं. कोरडा टोस्ट. एकटीने, उभ्या उभ्या. तू म्हणालीस, मस्त, आवाज स्वच्छ आला.” झेली हसली. “मग म्हटलं, कुणी ऐकतच नाहीये, तर टोस्ट कशाला? मनाला येईल ते खावं. आणि मनाला येईल त्याच्याबरोबर खावं.”

लेओनीला लाज वाटली, आणि रडूही आलं. ती उठली. मासिकातल्या बाईचा फोटो तिने ओढून काढला, हेडफोन खुंटीला अडकवले आणि शेवंडांचं एक रिकामं खोकं भिंगाला खेटून ठेवून त्यावर बसली. आईच्या गालावर सावली अजून होतीच. असू दे, म्हणून तिने कॅमेरा चालू केला.

“हं, सांग,” ती म्हणाली. आज तिच्या जिभेचं लाकूड झालं नव्हतं. “बाबांनी कॉफीत साखर किती घातली होती?”

झेलीची सुई थांबली. तिने मान वर करून लेकीकडे पाहिलं.

“आज टोस्टच होता गं,” ती म्हणाली. “कोरडा.”