माडाला मासळी

“माडाच्या मुळाशी मासळी पुरू नका हो! वासानं साहेबांना ताप भरतो!”

दवंडीवाला ओरडला, तेव्हा माझ्या डोक्यावर कुजक्या मासळीची पाटीच होती. मुंबई बेटावर इंग्रज नुकतेच आले होते. आमच्या माडांना हे खत पणजोबांपासूनचं. ते थांबलं की माड वाळणार, आणि आमची चूलही विझणार!

“पाटी ठेव खाली,” आय म्हणाली. मला वाटलं, झालं, घाबरली! पण तिनं पदर खोचला आणि बाबांचा माडावर चढायचा दोर काढून घेतला. “आजपासून वाडीतल्या कोणी माड चढायचा नाही. माडाला मासळी नाही, तर गोऱ्यांना माडी नाही!”

“मग खायचं काय?” बाबा पुटपुटले.

“पडतील ते नारळ!”

माडावरून रोज उतरणाऱ्या माडीच्या नशेला चटावलेले किल्ल्यातले गोरे शिपाई आठवडाभरातच साहेबावर गुरगुरायला लागले. मग साहेबच वाडीत आला, नाक दाबून, दुभाष्याला घेऊन.

“साहेब म्हणतात, पुरा मासळी. पण खड्डा खोल खणा.”

“खणते की!” म्हणत मी साहेबाच्या बुटांशेजारीच कुदळ मारली. आणि खणलं किती? फक्त वीतभर!