टेलिप्रिंटरचा शुभारंभ

"मोटर जळलीय. मुलींनी रांगोळीचं बघावं," विज्ञानाचे खर्डेकर सर लांबूनच म्हणाले.

नववीतल्या शाल्मलीने शाळेला भेट मिळालेला तो जुना टेलिप्रिंटर तरीही उघडला. अकरा वाजता शिक्षणाधिकारी विज्ञान प्रदर्शनाला येणार होते आणि त्यांच्यासमोर स्वागताची ओळ छापून दाखवीन, असं तिने अख्ख्या वर्गाला छातीठोकपणे सांगून टाकलं होतं.

मोटर ठणठणीत होती. कळांखालच्या दांड्यांत मात्र हळदकुंकवाचे तांदूळ अडकले होते. हे यंत्र ज्या वर्तमानपत्राच्या कचेरीत होतं, तिथे दर दसऱ्याला त्याची पूजा होई. त्याच या अक्षता. शाल्मलीने चिमट्याने दाणा न् दाणा वेचला, तेल दिलं आणि यंत्र खडखडून छापायला लागलं.

अकराला सरांनी साहेबांना "माझ्या मार्गदर्शनाखाली" हे शब्द तीनदा ऐकवले. मग उघड्या यंत्रापुढे तबक धरलं. "शुभारंभ आपल्या हस्ते, साहेब." शाल्मली "सर, नको" म्हणेपर्यंत साहेबांनी मूठभर अक्षता यंत्रात टाकल्याही.

यंत्र दोन अक्षरं छापून अडलं.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

शाल्मलीने चिमटा सरांच्या हातात ठेवला. "सर सांगतील, साहेब. मार्गदर्शन त्यांचंच आहे."