घरावरून जाणारी बोट

समुद्र पाहिला की माणूस अंतर्मुख होतो, असं जाणकार सांगतात. बिरूआबांनी सत्त्याण्णव साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी समुद्र पाहिला आणि होडीवाल्याला विचारलं, "ह्ये धरण कुठल्या साली झालं?"

होडीवाला मालवणचा. त्याने वल्हं थांबवलं. "धरण खंयचा? समुद्र आसा ह्यो."

"आन त्यो डोंगर पाण्यात हाय, तितली मान्सं कुठं उठवली?"

"बेट आसा ता. थंय कोण कधी ऱ्हवलोच नाय."

आबांना ते पटलं नाही. इंदापूरकडच्या या माणसाने आजवर एकच मोठं पाणी पाहिलं होतं, उजनी धरणाचं. त्याच्या तळाशी त्यांचं गाव होतं. जिथं ते मेंढरं चारायचे तो माळ तेवढा वर राहिला. त्याला आता सगळे बेट म्हणत.

त्या बेटापर्यंत सहलीची बोट चालवायची, हा त्यांच्या थोरल्याचा, नागेशचा बेत. धक्क्याची जागा आबांच्या नावावर, आणि आबांचं दोन वर्षं एकच, "माझ्या घराच्या डोक्यावरनं बोट न्ह्यायची न्हाय." म्हणून नागेशने त्यांना या निवांत किनारी गावात आणलं होतं. मुंबईची माणसं पाण्यावर खेळायला इतक्या लांब येतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहावं.

आबांनी पाहिलं. एक गृहस्थ बोटीमागे दोरी धरून फळीवर उभा राहिला आणि पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला.

"ह्याचं काय हारपलंय?" आबांनी विचारलं.

परतीच्या एसटीत, कोल्हापूर आल्यावर, आबा म्हणाले, "त्या समुद्राखाली कुणाचंच घर न्हाय. तरी मान्सं येत्यात. आपल्या पाण्याखाली निदान गाव तरी हाय." खिडकीबाहेर बघत त्यांनी पुढचं सांगितलं, "घाल बोट. पर आपल्या घरावर आली की इंजन बंद करायचं. आन समद्यांनी चपला काढायच्या."

नागेशने कबूल केलं. कागदपत्रं होऊन बोट यायला चैत्र संपत आला.

पहिल्या फेरीला आबा पुढे बसले. एक डोळा बेटावर, एक काठावरच्या वडावर ठेवून त्यांनी अंदाज घेतला आणि हात वर केला. नागेशने इंजिन बंद केलं. बारा जणांनी चपला काढल्या. बोट थोडी पुढे सरकली. खालून काहीतरी घासलं आणि ती थांबली.

आबांनी पाय बाहेर टाकला. पाणी गुडघ्याएवढं होतं.

"जोतं हाय आपलं," ते म्हणाले आणि घरात जावं तसे खाली उतरले.

उजनीचं पाणी उन्हाळ्यात रोज मागे सरकतं. बोट आषाढापर्यंत आबांच्या दारात उभी होती.