चार इकडे, चार तिकडे

"इथे घोडं अडलंय, मावशी." नियतकालिकांना क्रमांक देणाऱ्या राष्ट्रीय केंद्रातल्या बाईंनी अर्जावर पेन्सिल टेकवली. "अंक किती काळ निघणार, तिथे तुम्ही लिहिलंय, 'मी आहे तोवर'."

"मग काय, अमरपट्टा बांधून आलेय मी?" सिस्टर म्हणाल्या.

प्रसूतिगृहातून निवृत्त झाल्या, तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. बाळंतिणींच्या तोंडून उतरवून घेतलेल्या अंगाया त्या दर तीन महिन्यांनी छापत. अंकाचं नाव 'जोजवण'. क्रमांक मिळाला, तर मोठ्या ग्रंथालयात त्या अंगायांना हक्काचं कपाट मिळणार होतं. नाहीतर गाणाऱ्या ओठांबरोबरच त्या विरायच्या.

"ज्याचा शेवट आधीच ठरलाय, त्याला क्रमांक नाही. नियमच आहे तसा. खोडता का तेवढं?"

सिस्टरांनी पेन्सिल घेतली. पुन्हा खाली ठेवली. "उभ्या जन्मात बाळाच्या जन्माची वेळसुद्धा खोटी लिहिली नाही हो."

बाईंचा चेहरा पडला. शेजारच्या टेबलावर शिक्के धडाधड पडत होते.

दाराशी सून उभी होती, किरकिरतं बाळ खांद्यावर थोपटत. 'या वयात कशाला नसते उद्योग' असं ती वाटभर पुटपुटत आली होती. आता तरातरा टेबलापाशी आली.

"आणि नंतर मी काय माश्या मारत बसू? टाईप मी करते, छापखान्यात भांडते मी. अन् मला न विचारता दुकान बंद करायला निघालात होय, आई?"

"अगं, तुला कंटाळा येतो ना?"

"येतो तर! याची दुपटी धुवायचाही येतो. म्हणून याला उघडा ठेवलाय का?"

सिस्टर इतक्या हसल्या, की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मग त्यांनी ते तीन शब्द आपल्याच हाताने खोडले आणि वर लिहिलं, 'बाळं रडतात तोवर'.

"हे चालेल?"

"याला आम्ही शेवट धरत नाही," बाई म्हणाल्या.

संगणकाच्या पडद्यावर क्रमांक उमटला. चार आकडे, मधे आडवी रेघ, पुन्हा चार. बाईंनी तो मोठ्याने वाचला. पण सिस्टरांना लिहून घ्यायला हात कुठे मोकळा होता? बाळ एव्हाना त्यांच्या कुशीत आलं होतं. त्या आकडेच गुणगुणू लागल्या. चार इकडे, रेघेपाशी जरा विसावा, चार तिकडे. दुसऱ्या झोक्याला सुनेनेही सूर धरला.

किरकिर थांबली. शेजारचा कारकून हात उगारून तसाच थबकला.

बाईंनी आपला शिक्का उचलला आणि बाळाला थोपटावं तसा, अगदी अलगद, कागदावर टेकवला.